एकशे चव्वेचाळीस खणांतलं इंग्रजी

१ नोव्हेंबर २०१५, रविवार. पहाटे ५.४०

नवी वही. पहिल्या पानावर आधी सगळ्यांची खुशाली, हा आमच्या वडिलांचा शिरस्ता. वैद्याच्या घरात दुसरं काय विचारणार.

च्याओयुन, माझी बायको. गुडघा कसा आहे गं? म्हणते, दुखतोय, पण तुमच्या बडबडीइतका नाही. लेक नियानझेन, ग्वांगझोला. फोनवर विचारलं, पोट बरं आहे ना? म्हणाली, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. पांगताई, माझ्या खोलीत औषधं तोलून पुड्या बांधते. खांदा? आखडलेलाच. डायरेक्टरसाहेब, आमच्या दवाखान्याचे प्रमुख. यकृत कसं काय? दारू सोडली म्हणतात, जीभ मात्र दुसरंच काही दाखवते. डॉक्टर शाओ, शेजारच्या चार नंबर खोलीतला तरुण. ठणठणीत. इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्याच खेपेला एक्क्याऐंशी मार्क मिळवलेल्या माणसाला काय धाड भरली आहे!

आणि मी. नाडी वीणेच्या तारेसारखी ताणलेली. कारण ठाऊक आहे.

पुढच्या ऑगस्टात साठ पूर्ण. तोवर ‘उपमुख्य वैद्य’ ही पदवी मिळाली तर तालुक्याच्या या दवाखान्यातली तीन नंबरची खोली साठीनंतरही माझीच. नाही मिळाली तर नमस्कार, घरी बसा. पदवीसाठी बाकी सगळं आहे: चाळीस वर्षं नाडी पाहिली आहे, त्यातली पहिली सहा खेड्यांतला ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून बांधाबांधावरून फिरून. अडलंय एका इंग्रजीच्या परीक्षेपायी. ज्येष्ठमध उकळायला इंग्रजी कशाला लागतं हे विचारायचं नसतं. साठ मार्कांना पास. आतापर्यंत चार वेळा बसलो: सत्तावन्न, बावन्न, अठ्ठावन्न, एकोणपन्नास. च्याओयुन म्हणते, घसरगुंडी आहे. तिला काय कळतंय. वर-खाली होतंय म्हणजे जिवंत आहे. रेघ सपाट झाली की माणूस गेला.

यंदाची चूक दुरुस्त. सोपे शब्द शिकायचेच नाहीत. डोंगर चढणाऱ्याला टेकडी फुकट मिळते. फक्त अवघड शब्द, रोज वीस. मार्चच्या परीक्षेपर्यंत तीन हजार.

३ नोव्हेंबर

वीस शब्द पाठ केले. सकाळी पाचला सुरुवात, सातला पेज आणि मुळ्याचं लोणचं, मग उजळणी.

रात्री आठवले दोन. त्यातला एक चुकीचा.

हवा दमट आहे. दमट हवेत डोकं जड होतं, हे तर ग्रंथांतच आहे.

५ नोव्हेंबर

आमच्या वैद्यकात स्मरणशक्ती म्हणजे मूत्रपिंडाचं काम. रोज सहा अक्रोड सुरू केले. शब्द तात्पुरते बंद. आधी भांडं दुरुस्त करावं, मग पाणी भरावं.

८ नोव्हेंबर. हिवाळ्याचा पहिला दिवस

च्याओयुनने मटणाचे मोदकासारखे डंपलिंग केले. अठरा खाल्ले. अठराव्याला युक्ती सुचली!

माझ्या खोलीत वडिलांचं औषधांचं कपाट आहे. खण एकशे चव्वेचाळीस. कुठल्या खणात काय, हे मला झोपेतही सांगता येतं. सातव्या वर्षी वडिलांनी छडीने शिकवलंय. आता प्रत्येक खणात एक शब्द घालायचा. खण उघडला की औषध हाताला आणि शब्द डोळ्याला. दिवसातून शंभर वेळा खण उघडतात. शंभर वेळा उजळणी, तीही सरकारी वेळात.

तीन हजार राहिले बाजूला. एकशे चव्वेचाळीस पुरेत. पण असे, की परीक्षकाची बोटं तोंडात जावीत.

१० नोव्हेंबर

चिठ्ठ्या तयार. पुडीचा पिवळा कागद कापून, लाल शाईने. लाल डोळ्यात भरतो. गुणधर्म बघून जोड्या लावल्या. ज्येष्ठमधाच्या खणात ‘अ‍ॅमिकेबल’, म्हणजे सलोख्याचा. ज्येष्ठमध सगळ्या औषधांशी जमवून घेतं. कडू मुळीच्या खणात ‘अ‍ॅनिमॉसिटी’, वैर. सुंठेला ‘व्हेहेमंट’, जहाल. हे कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही.

पांगताई म्हणाली, डॉक्टर, खणात उंदीर शिरलाय का, कागद कुरतडून ठेवलेत ते? तिला समजावलं, हे शिक्षण आहे. म्हणाली, मग मला वेगळा चष्मा द्या, मी वजन बघू की शिक्षण बघू!

१९ नोव्हेंबर

यश. खण उघडायच्या आधीच शब्द ओठांवर येतो. तिसरी ओळ, पाचवा खण, संत्र्याची जुनी साल: ‘ऑब्सोलीट’, कालबाह्य. चुकत नाही!

संध्याकाळी घरी च्याओयुनने यादी समोर धरून विचारलं. एकही नाही. घरी कपाट नाही, एवढंच कारण.

पण एक तक्रार लिहून ठेवतो. आमच्या चिनी अक्षराच्या अंगावर खूण असते. पाण्याचे तीन थेंब दिसले की समजावं, नदी असेल, समुद्र असेल, घाम असेल, काहीतरी ओलं आहे. इंग्रजी शब्दाच्या अंगावर काही म्हणजे काही नाही. नुसती मुंग्यांची रांग. ओला आहे की कोरडा, माणूस आहे की झाड, पत्ता लागत नाही. वर ‘कमी करणे’ याला सहा शब्द. दुखणं कमी करायला ज्यांच्याकडे सहा शब्द आहेत, त्यांना औषधं लागतात तरी कशाला?

२ डिसेंबर

आज एक प्रकार घडला.

मो आजी आल्या. वय ब्याऐंशी, वरच्या डोंगरातल्या गावच्या, तीन तास उतरून आल्या. मागच्या आठवड्यात खोकल्याची पुडी नेली होती. खोकला गेला, म्हणाल्या, जिभेवरचा पांढरा थरही गेला. मी म्हटलं, आजी, पुडी नेमकी लागू पडली. तर म्हणाल्या, पुडीचं मला ठाऊक नाही बाबा, पण तो कागद मोठा कडक होता.

कोणता कागद?

तोच, पिवळा. लाल अक्षरांचा. तुम्ही पुडीत घातलेला. मी जाळून राख औषधात घातली आणि उत्तरेकडे तोंड करून प्यायले. जाळायचा ना? की नुसताच उकळायचा? शेजारीण म्हणत होती, उकळायचा.

पांगताईकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. घाईच्या वेळी मूठ भरताना चिठ्ठीही पुडीत गेली म्हणे.

आजींना नीट सांगितलं. आजी, पिवळ्यावर लाल असलं तरी हा देवळातला ताईत नाही, मंतरलेला कागद नाही, हे इंग्रजी आहे. मी अभ्यास करतोय. त्यांनी डोळा मिचकावला. म्हणाल्या, बरोबर आहे, असंच म्हणायचं असतं. सरकारी दवाखाना आहे ना.

कुठला शब्द होता ते शोधलं. सहावी ओळ, दुसरा खण. ‘डिटीरिओरेट’. डिक्शनरीत पाहिलं: दिवसेंदिवस बिघडत जाणे.

मी शास्त्र मानणारा माणूस आहे. पण राहवेना. आजींच्या पुडीत उतारा म्हणून ‘अ‍ॅलिव्हिएट’, दुखणं हलकं करणे, घातला. फक्त एकदा. त्या तीन तास चढून जाणार होत्या.

१४ डिसेंबर

बाहेरच्या बाकावर नऊ माणसं. सगळी वरच्या गावची. एकाला सर्दी, एकाचा मुलगा परीक्षेला बसणार, एका बाईचं सून ऐकत नाही. प्रत्येकाला कागद हवा.

कुणाला म्हणजे कुणाला दिला नाही. फक्त एका आजोबांना दिला, ते रडायला लागले म्हणून. आणि त्या सूनवाल्या बाईंना ‘अ‍ॅमिकेबल’. तो तसाही मला पाठ झाला आहे.

म्हणजे शब्द चालले आहेत. खणांत आता एकशे एकोणीस. पण कमी झाले की राहिलेले पक्के होतात. भात विरळ केला की ओंब्या भरतात.

११ जानेवारी २०१६

तक्रारपेटीत चिठ्ठी निघाली. डायरेक्टरसाहेबांनी बोलावून वाचून दाखवली: ‘तीन नंबरचे डॉक्टर लियाओ परदेशी लिपीतले मंतरलेले कागद वाटतात. हे वाईट आहे. त्यातही ओळखीच्या लोकांनाच देतात. माझ्या आईला दिला नाही.’

साहेब म्हणाले, लियाओदादा, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, आत्ता कुठे मांत्रिक व्हायला निघालात? मी म्हटलं, साहेब, अभ्यास आहे. म्हणाले, मग परवा आरोग्य कार्यालयाचे निरीक्षक येतायत, त्यांना अभ्यास दाखवा.

दाखवीन की. सोन्याला आगीची कसली भीती.

१३ जानेवारी

निरीक्षक तरुण बाई, आडनाव बाओ. गोड बोलतात, म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघतात. पांगताईने सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर ओतल्या होत्या. तिथेच घात झाला.

बाओबाईंनी एक उचलली. काका, हे इंग्रजी आहे म्हणता, मग याचा अर्थ सांगा बरं. मी पाहिलं. मुंग्यांची रांग. म्हटलं, बाई, ही कुठल्या खणातली? म्हणाल्या, ते मला काय माहीत. दुसरी उचलली. तीही तशीच. मी म्हटलं, मला फक्त वास घेऊ द्या. त्यांनी चिठ्ठी नाकाशी धरू दिली. दालचिनी! ‘फर्व्हंट’, उत्कट! सांगितलं. बरोबर होतं. तिसरीला मात्र सगळ्याच औषधांचा मिळून वास येत होता.

बाओबाईंनी वहीत लिहिलं: ‘हुंगून अर्थ सांगतात.’

गर्दी जमली. शाओ दारातून आत आला, टेबलाशी उभा राहिला आणि चिठ्ठ्या एकेक करून वाचत अर्थ सांगत सुटला. तीस, चाळीस, पन्नास. न थांबता. म्हणाला, बाई, सगळे शब्द खरे आहेत. काका खरंच शिकतायत. पद्धत जरा घरगुती आहे.

मला वाचवलं म्हणे. इतक्या लोकांत पन्नास शब्द सांगायची गरज होती का? वीस पुरले असते.

निकाल: मंत्रतंत्र नाही, पण निष्काळजीपणा आहे. चिठ्ठ्या जप्त. तीन पानी कबुलीपत्र लिहून द्यायचं. माझ्या फाइलला लागणार.

१६ जानेवारी

कबुलीपत्र दिलं. साहेबांनी परत केलं. म्हणे, यात स्वतःची स्तुती आहे. फक्त दोन ओळी होत्या. शिवाय मध्ये चार इंग्रजी शब्द घातले होते, कार्यालयाला खात्री पटावी म्हणून. ते का काढायचे, कळत नाही.

२० जानेवारी

तिसऱ्यांदा लिहिलं. घेतलं. आता त्यात माझा ‘उथळपणा’ सहा वेळा आहे. हात दुखतोय.

८ फेब्रुवारी. नववर्षाचा पहिला दिवस

फटाके, पाहुणे, नियानझेन आली आहे. सणात पुस्तक हातात धरू नये, अशुभ. अभ्यास बंद.

शाओ संत्री घेऊन पाया पडायला आला. बसला. म्हणाला, काका, रागावू नका, एक सांगू? अवघड शब्द सोडा. परीक्षेत डिक्शनरी न्यायला परवानगी आहेच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य वाचायचं. पण वाक्य जोडणारे बारीकसारीक शब्द मात्र आले पाहिजेत. मी दर शनिवारी येतो.

मी म्हटलं, पोरा, तू आपली खोली सांभाळ.

तो गेल्यावर नियानझेन म्हणाली, बाबा, तो तुमच्या भल्यासाठी सांगत होता. च्याओयुन म्हणाली, अगं, यांना कुणी पाण्यातून ओढायला गेलं तर हे आधी विचारतील, तुझा हात धुतलेला आहे का?

दोघी किती हसल्या. मी बाहेर जाऊन एक फटाका लावला. फुसका निघाला.

१ मार्च

पंचवीस दिवस. रोज शंभर शब्द केले तर अडीच हजार. जमण्यासारखं आहे.

९ मार्च

वसंतातला खोकला. रुग्णांची रीघ. शब्द: सात.

एक खरी गोष्ट लिहितो, इथे कोण बघतंय. संध्याकाळी खोली बंद करताना किल्ली फिरवली आणि वाटलं, अशा किती वेळा फिरवायची राहिली? मोजलं नाही. ऑगस्टनंतर वरच्या गावची माणसं उतरून येतील, दार लोटतील, आत कोण असेल? असेल कुणीतरी. आजींचं मनगट धरण्याआधी हात शेकोटीवर गरम करून घ्यायचा असतो, हे त्याला कोण सांगणार.

उद्या लवकर उठणार.

२६ मार्च, शनिवार. परीक्षा

शहरातलं केंद्र. ढग.

बरोबर नेलेलं: पेन्सिली चार, वडिलांच्या वेळची डिक्शनरी (साडेतीन किलो, औषधाच्या तराजूवर), आणि बारीक पुड्या बारा. वेगवेगळी औषधं. वास घेतला की खण आठवतो, खण आठवला की शब्द. नियमांत औषधांवर बंदी नाही. दोनदा वाचून खात्री केली होती.

पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, काका, हे काय? सुंठ. हे? दालचिनी. हे काळं? म्हटलं, कोळपलेलं आलं, रक्त थांबवायला. म्हणाल्या, इथे कुणाचं रक्त काढत नाहीत, सगळं बाहेर ठेवा.

दोन तास, पासष्ट प्रश्न. माझ्या एकशे चव्वेचाळिसांपैकी पेपरात आले दोन. ज्या देशाने इतके भारी शब्द घडवले, तो परीक्षेत ते का काढत नाही? सगळा पेपर बारक्या शब्दांनी बुजबुजलेला, तांदळात किडे असावेत तसा. एकेक डिक्शनरीत शोधत गेलो. घंटेला दहा मिनिटं राहिली तेव्हा अठ्ठाविसाव्या प्रश्नावर होतो.

उरलेल्या सगळ्यांना तिसरा गोल काळा केला. हा अंदाज नव्हता. चाळीस वर्षं नाडी पाहणाऱ्याचं ते निदान होतं.

३ जून

त्रेसष्ट!!

त्रेसष्ट मार्क. पास. नियानझेनने कॉम्प्युटरवर दोनदा पाहिलं. पद्धत सिद्ध झाली. च्याओयुनने मासा आणला. पांगताईचे हसताना पहिल्यांदा सगळे दात दिसले. शाओने हात जोडून अभिनंदन केलं. मी त्याला म्हटलं, काही अडलं तर विचारत जा.

रात्री झोप नाही. तीन नंबर माझी.

२० जून

दवाखान्याच्या फलकावर कागद लागला आहे. तालुक्याच्या आणि गावच्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना पदवीसाठी इंग्रजीची परीक्षा यापुढे आवश्यक नाही. यंदापासूनच.

चार वेळा वाचला. आमच्याच भाषेत होता, एकही अवघड शब्द नव्हता.

२२ जून

इंग्रजीपायी जे जे वर्षानुवर्षं मागे होते, त्या सगळ्यांनी अर्ज केले. दोन जागांना एकोणीस अर्ज. क्ष-किरणवाले मा सुद्धा. त्यांनी आयुष्यात इंग्रजीचं पुस्तक उघडलेलं नाही, आणि मला म्हणतात, दादा, तुम्ही उगाच डोकं शिणवलंत.

तरी माझं पारडं जड. एकोणीस जणांत त्रेसष्ट मार्क कुणाकडे आहेत? शाओकडे एक्क्याऐंशी आहेत, पण ते जुने.

१ ऑगस्ट

यादी लागली. शाओ. आणि क्ष-किरणवाले मा.

साहेबांना भेटलो. फाइल उघडून दाखवली. इंग्रजीचा दाखला आहे, रुग्ण आहेत, चाळीस वर्षं आहेत. आणि तीन पानी कबुलीपत्र आहे. समितीने तेवढंच वाचलं म्हणे. म्हणाले, दादा, तुमचं कबुलीपत्र फार पटण्यासारखं होतं.

घरी येऊन बसलो. च्याओयुनने माझ्याकडे पाहिलं. गुडघ्याला हात लावत उठली, मी चहा पितो त्या काचेच्या बरणीत पत्तीवर गरम पाणी घातलं, समोर ठेवली, आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता शेजारी बसली. म्हणून कळलं, प्रकरण गंभीर आहे.

२९ ऑगस्ट

साठ पूर्ण. वाढदिवसाच्या, दीर्घायुष्याच्या लांब नूडल्स खाल्ल्या. किल्ली द्यायला गेलो.

साहेब म्हणाले, राहू द्या तुमच्याकडेच. म्हटलं, म्हणजे? म्हणाले, तीन नंबरसाठी जाहिरात दिली होती. दोनदा. इथे कोण येतंय, पगार बेताचा, वर जिना चढायचा. एकही अर्ज नाही. शाओला पदवी मिळाली तशी नानचांगच्या मोठ्या दवाखान्याने उचलून नेला, म्हणजे आता चार नंबरही रिकामी. दादा, कुणी येईपर्यंत दोन्ही तुम्हीच बघा. पदवी नाही, पाटी बदलणार नाही, जमेल ना?

जमेल म्हटलं.

परीक्षा पाच. शब्द तीन हजार, मग एकशे चव्वेचाळीस, मग सात. आणि खोली मिळाली ती कुणालाच नको होती म्हणून.

५ सप्टेंबर २०१६, सोमवार. सकाळी ९.१५

चार नंबरचे रुग्ण आजपासून माझ्याकडे. पहिलाच माणूस आपली औषधांची जुनी वही घेऊन आला, शाओच्या हातची. उघडली. औषधांची नावं आमच्या भाषेत, आणि खाली तांबड्या रेघेवर, खास जपून, इंग्रजीत एक ओळ. पाच शब्द.

चष्मा पुसला. डिक्शनरी घेतली. चार सापडले, पण एकमेकांना धरून काहीच म्हणेनात. पाचवा, मधला, अगदी बारीक, दोन अक्षरांचा. त्याच्यावरच सगळं अडलंय: गोळी ‘दिली तर’, ‘दिली नाही तर’, की ‘देईपर्यंत’? डिक्शनरीत त्याचे अडीच पानं अर्थ आहेत.

पांगताई दारातून म्हणाली, डॉक्टर, तुम्ही तर पास झालात ना?

शाओला फोनवरून निरोप लिहिला. तीनदा खोडला. शेवटी पाठवला तो असा:

‘चि. शाओ, नवीन गावी तब्येत बरी असेल. जेवण वेळेवर घेतोस ना? इकडे सगळे ठीक. तुझ्या एका रुग्णाच्या वहीचा फोटो पाठवतो आहे. खालची ओळ साध्या भाषेत लिहून पाठव. आणि सवड असली तर शनिवारी थोडा वेळ बोलू, वाक्य जोडणारे ते बारीकसारीक शब्द तू म्हणाला होतास त्याबद्दल. पण आधी ही ओळ. माणूस बाहेर बाकावर बसला आहे, उत्तर लवकर लिही.’